उद्याही येणारं गिऱ्हाईक

“दोन दिवस मुंबईला चाललोय. चांगलं जेवण कुठे मिळेल?”

हा फोन मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. कधी सोलापूरचा चुलतभाऊ असतो, कधी नागपूरचे जुने शेजारी. पूर्वी मी लगेच यादी पाठवायचो. तिचा उपयोग झाल्याचं मात्र आठवत नाही. चुलतभावाचा मुक्काम भांडुपला, काम अंधेरीला आणि माझ्या यादीत पहिला नंबर गिरगावातल्या मिसळीचा! त्याने दोन्ही दिवस लॉजखालच्या हॉटेलात पनीर खाल्लं आणि परत जाऊन सगळ्यांना सांगितलं की मुंबईत खाण्यासारखं काही नाही.

याद्या शिळ्याही होतात. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी तिथल्या माशांच्या आठवणी ऐकून आलेली माणसं अजून गिरगावात पत्ता विचारतात.

म्हणून या प्रकरणात यादी नाही. काही नावं येतील, पण ती उदाहरणं म्हणून. शिकायचं आहे ते ओळखायला. परक्या शहरात, पोटात भूक आणि हातात पिशवी असताना, समोरचं हॉटेल चांगलं की वाईट हे आत शिरण्याआधी कसं ताडायचं?

१. एकदाच येणारा आणि रोज येणारा

आधी गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या जागी बसून बघू.

समजा, फोर्टातल्या एका कचेरीतला कारकून महिन्यातले वीस दिवस दुपारी तुमच्याकडे जेवतो. थाळी दीडशे रुपयांची. म्हणजे महिन्याचे तीन हजार आणि वर्षाचे छत्तीस हजार. आता दुसरं गिऱ्हाईक घ्या. चौघांचं कुटुंब सहलीला आलंय, एकदाच जेवणार, दोन हजारांचं बिल करणार आणि रात्रीच्या गाडीने गावी जाणार. डाळ खारट झाली तर कारकून उद्यापासून समोरच्याकडे जाईल आणि छत्तीस हजार घेऊन जाईल. कुटुंब मात्र डाळ चांगली असो वा वाईट, परत येणारच नाही.

म्हणजे कारकुनाच्या बाबतीत चांगली डाळ ही हॉटेलवाल्याची गरज आहे. कुटुंबाच्या बाबतीत तो केवळ त्याचा चांगुलपणा. चांगुलपणावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही, पण भूक लागलेली असताना गरजेवर ठेवलेला बरा.

या प्रकरणातलं पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं. ज्या हॉटेलाचं पोट रोजच्या गिऱ्हाइकावर चालतं, तिथे परक्याने जाऊन बसावं. प्रसिद्ध वास्तूसमोर, चौपाटीला लागून, लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात त्या टर्मिनसच्या दाराशी दुकानदाराला रोज नवा माणूस मिळतो. तिथे वाईटच मिळतं असं नाही. पण चांगलं करण्याची सक्ती कमी असते.

“स्टेशनाबाहेरचं खाऊ नये” असं आमच्या घरातली मोठी माणसं सांगायची. मुंबईत हा नियम निम्माच खरा. लोकलच्या स्टेशनाबाहेरून जाणारा माणूस प्रवासी दिसला तरी तो रोजचा. सकाळी नऊला जाणार, संध्याकाळी सातला त्याच जिन्याने उतरणार. त्याला एकदा वाईट वडा दिला की संपलं. वडापावाचा जन्म १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर, अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असं सांगतात. तो पर्यटनस्थळी न होता स्टेशनाच्या तोंडाशी झाला, यात मला तरी नवल वाटत नाही.

२. पाटी वाचायला शिका

मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे खायची जागा. राहायची जागा ती ‘लॉज’. बाहेरून आलेल्यांचा इथेच पहिला गोंधळ होतो. पण मुंबईच्या पाट्यांवर याहून बारीक भेद आहेत, आणि आत काय मिळेल ते हे शब्द आधीच सांगून टाकतात.

‘खाणावळ’ किंवा ‘भोजनालय’ म्हणजे पूर्ण जेवण, ठरावीक वेळी. दुपारी चार वाजता तिथे जाऊन “काय आहे?” विचारलंत तर खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवलेल्या दिसतील. ‘उपाहारगृह’ म्हणजे फराळाचे पदार्थ : मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी. तिथे पोळी-भाजी मागितली तर मिळेलही, पण त्यांची कला त्यात नाही. (बऱ्याच पाट्यांवर ‘उपहारगृह’ लिहिलेलं असतं. उपहार म्हणजे भेटवस्तू. आत फुकट मात्र काही मिळत नाही.) ‘दुग्धमंदिर’ किंवा ‘दुग्धालय’ दिसलं की पियूष, खरवस, मसाला दूध. ‘हेल्थ होम’ या नावाचा आरोग्याशी असलेला संबंध मला आजवर कळलेला नाही. गिरगावातल्या विनय हेल्थ होममध्ये लोक झणझणीत मिसळ खायला जातात.

‘बोर्डिंग’ हा शब्द माटुंग्याकडे दिसतो. केळीच्या पानावर किंवा ताटात दाक्षिणात्य शाकाहारी जेवण, तेही घड्याळाप्रमाणे. ‘लंच होम’ दिसलं की मासे. फोर्टातलं महेश लंच होम घ्या किंवा तशी इतर ठिकाणं. मंगळूरकडच्या लोकांनी कचेऱ्यांतल्या आपल्या माणसांना दुपारचं जेवण घालायला ही सुरू केली. गस्सीसारखा मंगळुरी रस्सा मागवायचा तो इथे.

आणि ‘रेस्टॉरंट अँड बार’ किंवा ‘फॅमिली रूम’ असं लिहिलेलं असेल तर स्वयंपाकघराला खाणाऱ्यांसोबत पिणाऱ्यांचीही सोय बघावी लागते. तिथला चकणा बहुधा जेवणापेक्षा सरस असतो.

३. ही चूल कुणासाठी पेटली?

पाटी वाचली. आता तिच्यामागची माणसं. मुंबईचं खाणं समजून घ्यायला इथे कोण, कुठून आणि कशासाठी आलं एवढं माहीत असलं की पुरतं. एकेका लोंढ्यामागोमाग एकेक चूल आली.

सूत गिरण्यांपासून सुरुवात करू. कावसजी दावर यांच्या गिरणीचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि पुढची शंभर वर्षं कोकणातून, घाटावरून माणसं लालबाग-परळकडे येत राहिली. बायका-मुलं गावी, पुरुष इथे. एका खोलीत दहा-बारा जण, पाळीपाळीने झोपणारे. त्यांना दोन वेळ गरम कोण वाढणार? चाळीतल्याच बायका. महिन्याचा हिशेब, पगाराच्या दिवशी पैसे. ही खरी खाणावळ. तिला पाटी नव्हती, पाटीची गरजही नव्हती. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. पण मालवणी जेवणाची सवय तिथेच राहिली. आजही तिसऱ्यांचं सुकं, कोंबडी-वडे आणि सोलकढी हवी असेल तर दादर, परळ, लालबाग हा पट्टा धरावा. कारण तिथल्या टेबलांवर अजून मालवणी बोलणारी माणसं बसतात आणि सोलकढी पातळ झाली तर ती तसं तोंडावर सांगतात.

दुसरा लोंढा कारकुनांचा. रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकरीला आलेली तमिळ कुटुंबं माटुंग्याच्या नव्या वसाहतीत राहिली. त्यांच्यामागोमाग उडुपीकडची पोरं भांडी घासायला आली आणि काही वर्षांत मालक झाली. रामा नायक यांनी १९४२ मध्ये माटुंगा स्टेशनजवळ श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केलं. जिना चढून वर जायचं, कूपन घ्यायचं, पान पुढ्यात आलं की गप्प जेवायचं. ज्यांनी लहानपणापासून आईच्या हातचा रसम् प्यायलाय त्या माणसांनी तिथला रसम् ऐंशी वर्षं चालू ठेवलाय. याहून कडक परीक्षा कुठल्या स्वयंपाक्याला द्यावी लागते?

तिसरे इराणी. यझ्द आणि केरमान भागातून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला आलेले झरथोस्ती. कोपऱ्यावरची दुकानं इतर व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती त्यांना मिळाली असं सांगितलं जातं. कारण काहीही असो, दोन रस्त्यांकडे तोंड असलेली, उजेड आणि वारा भरपूर असलेली जागा इराण्यांकडे गेली आणि तिथे जात-धर्म न विचारता चहा मिळू लागला. धोबीतलावची कयानी १९०४ची, बॅलार्ड इस्टेटची ब्रिटानिया १९२३ची. इराण्याकडे गेलात तर ब्रून-मस्का, मावा केक, खिमा-पाव मागा. ब्रिटानियात बेरी पुलाव. त्यावरची लाल आंबट फळं, झरेश्क, मूळची इराणची. इराण्याकडे डोसा मागू नका.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण दहातल्या सात फजित्या यातूनच होतात. हॉटेल बरोबर निवडलेलं असतं, पदार्थ चुकतो. उडुप्याकडे पंजाबी थाळी, मालवण्याकडे चिली चिकन, गुजराती भोजनालयात “तिखट काही आहे का?”. चूल ज्यांच्यासाठी पेटली त्यांचा पदार्थ मागावा.

हीच युक्ती इतर शहरांतही चालते. कोलकात्यात खाणावळीची चुलत बहीण म्हणजे ‘पाइस हॉटेल’. मेसमध्ये राहणारे विद्यार्थी आणि कारकून हे तिचं मूळ गिऱ्हाईक, म्हणून तिथे प्रत्येक जिन्नस सुटा विकतात. लिंबाच्या फोडीचे पैसे वेगळे, केळीच्या पानाचेही वेगळे! दिल्लीत आंध्र भवनाचं कँटीन सरकारी कामासाठी आलेल्या तेलुगू माणसांसाठी सुरू झालं. आज तिथे सगळी दिल्ली जेवते.

४. जाड मेन्यूचं गणित

एका हॉटेलात दुपारी साठ माणसं जेवतात असं धरू. फळ्यावर खडूने सहा पदार्थ लिहिलेत. म्हणजे सरासरी प्रत्येक पदार्थ दहा वेळा वाढला जाणार. सकाळी केला, दुपारी संपला. आता याच साठ जणांपुढे एकशेवीस पदार्थांचं पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवा. सरासरी पदार्थामागे अर्धं गिऱ्हाईक! बाकीचं सामान कुठे थांबतं? फ्रीजमध्ये.

मग इतके पदार्थ ते करतात तरी कसे? त्याचंही गुपित साधं आहे. स्वयंपाकघरात तीन पातेली असतात : लाल ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही. त्यांत घालायला पनीर, मटार, मशरूम, काजू, कोफ्ता, फ्लॉवर, बेबीकॉर्न, मिक्स भाजी असे आठ जिन्नस. तीन गुणिले आठ, चोवीस भाज्या झाल्या. प्रत्येक भाजी साधी, तवा आणि हंडी अशा तीन नावांनी लिहिली की बहात्तर. तुम्ही अर्धा तास पुस्तक चाळता आणि शेवटी त्या तीन पातेल्यांपैकीच एकातलं खाता.

घाई असेल, लहान मुलं बरोबर असतील, कुणाला डोसा आणि कुणाला नूडल्स हव्या असतील तर जाड मेन्यूसारखी सोय नाही. मीही जातो. फक्त शहराची चव तिथे शोधू नये.

५. पाचपैकी पाच तारे

आता मोबाइल. नकाशावर दोन नावं दिसतात. एकाला ५.०, दुसऱ्याला ४.३. बहुतेक जण पहिल्याकडे वळतात. थांबा, तारे किती जणांनी दिलेत ते बघा. पहिल्याला दहा जणांनी, दुसऱ्याला एक हजार जणांनी.

क्रिकेटमध्ये ही चूक आपण करत नाही. पहिल्याच सामन्यात शतक ठोकणाऱ्या पोराची सरासरी कितीही दिसली तरी दहा वर्षं खेळलेल्याच्या वर त्याला कुणी बसवत नाही. आणखी डाव बघू म्हणतो. हॉटेलालाही तेच लावायचं.

सोपी रीत अशी : दोन्ही हॉटेलांना मनातल्या मनात वीस मध्यम शेरे द्या, प्रत्येकी तीन ताऱ्यांचे. पहिल्याचे दहा पंचे पन्नास आणि वीस त्रिक साठ, एकूण एकशेदहा, भागिले तीस. उत्तर जेमतेम ३.७. दुसऱ्याचे चार हजार तीनशे अधिक साठ, भागिले एक हजार वीस. उत्तर ४.२७, म्हणजे जवळजवळ होतं तिथेच. थोड्या लोकांचं कौतुक पाण्यात विरघळतं, पुष्कळांचं टिकतं. (पहिले दहा शेरे बहुधा मालकाच्या मेव्हण्यांचे असतात, हे गणितात धरलेलं नाही.)

तारे कशाबद्दल दिलेत हेही वाचावं लागतं. मिशेलिन ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी. लोकांनी मोटारी जास्त फिरवाव्यात म्हणून तिने १९०० मध्ये प्रवासाची पुस्तिका काढली, १९२६ पासून हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात केली. तिचे परीक्षक ओळख लपवून जातात आणि ताटात काय आहे त्यावर निकाल देतात. आपले तारे मात्र ताटासाठी, पार्किंगसाठी, एसीसाठी आणि वेटर हसला म्हणूनही दिलेले असतात. “जागा लहान, बसायला दाटी, वेटर उद्धट, पण बोंबील…” असा तीन ताऱ्यांचा शेरा दिसला की मी त्या हॉटेलचा पत्ता उतरवून घेतो.

६. रांग बघून पळू नका

वीस टेबलं आहेत आणि माणूस सरासरी चाळीस मिनिटं बसतो. म्हणजे दर दोन मिनिटांनी एक टेबल सुटतं. तुमच्यापुढे दहा जण असतील तर वीस मिनिटं. हाच हिशेब जिथे लोक दीड-दीड तास गप्पा मारतात तिथे करा : साडेचार मिनिटांना एक टेबल, पाऊण तास. म्हणून रांगेची लांबी मोजण्याआधी आतले लोक कसे जेवतायत ते काचेतून बघा. माटुंग्याची लांब रांग भराभर सरते, कारण तिथे गप्पा मारायला कुणी येत नाही.

७. वार, वेळ आणि समुद्र

एका जूनच्या अखेरीस मी पाहुण्यांना घेऊन समुद्र दिसेल अशा एका हॉटेलात गेलो आणि ऐटीत ताजी सुरमई मागवली. आली ती कापसासारखी. वेटरला दोष देण्याआधी स्वतःला द्यायला हवा होता. जून आणि जुलै हा माशांच्या विणीचा काळ, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तेव्हा यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात येणारी सुरमई बहुधा बर्फातली किंवा लांबून आलेली. पावसाळ्यात सुकटीची चटणी किंवा सुक्या बोंबलाचं कालवण मागवावं. ते त्याच ऋतूसाठी आहे. पुढे श्रावणात बरीच मराठी घरं मासे खातच नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईकही कमी. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बाजार भरतो.

आठवड्यालाही लय असते. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेकांचे शाकाहाराचे वार. म्हणून बुधवार, शुक्रवार आणि रविवारी मासळी बाजार फुलतो, आणि मालवणी हॉटेलात याच दिवशी जावं. धनसाक हे पारशी घरात रविवारच्या दुपारचं जेवण, खाऊन झोपायचं असतं म्हणून. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट कचेऱ्यांवर जगतात, तिथे रविवारी जाऊन बंद दार बघू नका.

आणि वेळ. भेंडीबाजारातली नल्ली निहारी रात्रभर मंद आचेवर शिजते, ती सकाळी खायची. नावातच ‘नहार’, म्हणजे दिवस, आहे. तीच मोहम्मद अली रोडची बाजू रमजानमध्ये मात्र संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजानंतर जागी होते. गुजराती थाळीत आमरस हवा असेल तर एप्रिल-मे, उंधियू हवा असेल तर थंडी.

८. विचारायचं ते असं

शेवटी स्थानिक माणसाला विचारणं सगळ्यात सोपं. पण “इथे चांगलं हॉटेल कुठलं?” असं विचारलंत की समोरचा तुमचे कपडे बघतो आणि तुम्हाला शोभेल असं, एसी असलेलं, त्याने स्वतः कधी पाय न ठेवलेलं नाव सांगतो. पाहुण्याचा मान ठेवायची ती पद्धत आहे, त्याचा दोष नाही.

त्याऐवजी पानवाल्याला, बँकेच्या शिपायाला, टॅक्सीवाल्याला विचारा : “दादा, काल दुपारी तुम्ही कुठे जेवलात?” कालची दुपार विचारली की मोठेपणा मिरवता येत नाही. खरं तेच बाहेर येतं. उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न : “काय घेतलंत?”

मुंबईत निम्मे लोक सांगतील, “घरून डबा आणला होता.” त्यांना सोडा आणि पुढच्या माणसाला विचारा.